लग्नात कॅन्डिड काढायच्या नादात घरचीच माणसं सुटतायत, काय करू?

कराडचा_कॅमेरा:

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, पण पूर्ण वाचा आणि मगच सांगा.

मी कराडचा, वय २७. तीन वर्षं एका पेपरला फोटो दिले, मोर्चे, ऊसदराची आंदोलनं, जत्रा, २०२१ चा पूर, सगळं. नंतर लग्नाच्या कामांकडं वळलो, आधी दुसऱ्यांच्या टीममधे जायचो आणि यंदा फेब्रुवारीत पहिलं स्वतंत्र काम घेतलं. मला लग्नात पण पेपरसारखंच काम करायचंय, म्हणजे इकडं बघा हसा असं कुणाला म्हणायचं नाही, नवरानवरीला झाडाला टेकवून उभं करायचं नाही, जे घडतंय ते घडू द्यायचं आणि आपण तिथं हजर असायचं.

मुलीला आणि जावयाला फोटो फार आवडले. पण अल्बमसाठी निवडायला बसलो तेव्हा मुलीच्या वडलांनी सगळे फोटो दोनदा खालवर बघितले आणि म्हणाले, "आमचा मेव्हणा कुठाय?" मेव्हणा म्हणजे नवरीचा मामा. ४८० फोटो दिले होते, त्यात मामा दोनच फोटोत, एकात पाठमोरा आणि एकात अर्धा. पोरीला हाताला धरून बोहल्यावर आणणारा माणूस तो, पहाटे चारला सांगोल्यावरून निघून आलेला, आणि तो तिला घेऊन येत होता तेव्हा मी जिन्यात लहान पोरं फुलांची माळ ओढत होती ते काढत होतो. दुसरं म्हणजे अंतरपाट खाली आला त्याच क्षणी माझ्यासमोर व्हिडिओवाल्याची पाठ. तिसरं, कन्यादानात नुसते हात आहेत, आईवडलांचे चेहरे नाहीतच. वडील रागावले नाहीत, नुसते गप्प बसले, ते जास्त लागलं मला.

आता मार्गशीर्षात दुसरं काम आहे, कार्यालयातच, मुहूर्त दुपारी १२ वाजून ४० मिनिटांचा, हळद आदल्या दिवशी घरी. माझ्याकडं एक फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरची) बॉडी, एक जुनी क्रॉप (लहान सेन्सरची) बॉडी, ३५ एमएम (जवळून सगळं घेणारी) आणि ८५ एमएम (लांबून चेहरा घेणारी) अशा दोन लेन्स आणि एक फ्लॅश. मदतीला मावसभाऊ येतो, त्याला फोकस वगैरे कळतं. प्रश्न असेत की अंतरपाटाला उभं कुठं राहायचं, फ्लॅश वापरायचा का, सायलेंट शटरवर फोटोत आडवे पट्टे का येतात, आणि सगळ्यात महत्त्वाचं, काही मांडून न काढता पण महत्त्वाचं माणूस सुटू नये यासाठी तुम्ही काय करता?

---

पेठेतला_फोटोवाला:

आधी मनापासून सांगतो, तो जिन्यातला फोटो काढलास ते चुकलं नाही, पण गौरीहारापासून बोहल्यापर्यंतची ती पाच मिनिटं नवरीची आणि मामाचीच असतात हे तुला माहीत हवं होतं. मी २००१ पासून लग्नं करतोय, सुरुवात रोलवर, एका रोलमधे ३६ आणि अख्ख्या लग्नाला पाचसहा रोल, त्यामुळे पुढं काय होणार हे माहीत असल्याशिवाय बटण दाबायची सोयच नव्हती. आज कार्डात तीन हजार फोटो बसतात म्हणून ती सवय गेली, आणि माझ्या मते कॅन्डिडचा निम्मा भाग तीच सवय आहे.

मुहूर्ताच्या तासभर आधी गुरुजींना गाठ. पाया पड, शेजारी बस, आणि विचार की गुरुजी तुम्ही काय काय करणार आणि कुठल्या क्रमानं. घरागणिक, शाखेगणिक, गुरुजींगणिक फरक असतो. कुणाकडं मंगळसूत्र आधी, कुणाकडं कंकण आधी, कुठं होम अर्ध्या तासात उरकतात कुठं दीड तास. हे गुगलून मिळत नाही. आणि गुरुजींशी बोललेलं असलं की ते स्वतःच खुणेनं सांगतात की बाबा आता ये. माझे बरेच चांगले फोटो गुरुजींच्या भुवईमुळे मिळालेत.

आता अंतरपाट. मंगलाष्टकं किती होतील याचा भरवसा नसतो, आत्या, मावशी, शाळेतल्या बाई सगळ्या आपापली रचून आणतात. पण शेवटी गुरुजी "तदेव लग्नं सुदिनं तदेव, ताराबलं चंद्रबलं तदेव" सुरू करतात, तो तुझा इशारा. ते ऐकू आलं की बाकी सगळं सोडून जागेवर यायचं. त्याआधीचा वेळ नवऱ्याच्या खांद्यामागून ८५ वर नवरीचा चेहरा काढ, मग उलट बाजूनं त्याचा. खाली बघत उभी असते, मुंडावळ्या हलत असतात, मागे मामा आणि करवली. आणि "तदेव" म्हणलं की अंतरपाट धरणाऱ्याच्या खांद्याला लागून बाजूला ये, ३५ वर, म्हणजे पट खाली गेल्यावर दोघंही एका फ्रेममधे समोरासमोर मिळतात. एफ २.८ च्या खाली जाऊ नको, म्हणजे लेन्सचं तोंड त्याहून जास्त उघडू नको, दोघांपैकी एक फोकसबाहेर जाऊन नरम होतो. मावसभावाला वरच्या गॅलरीत उभा कर, बहुतेक कार्यालयांना असते. वरून अक्षता पडताना सगळ्या लोकांसकट दिसतं. शटर सेकंदाच्या १/५०० ला ठेवलं की दाणे हवेत थांबलेले मिळतात, १/१२५ ला त्यांच्या रेघा होतात, मला स्वतःला रेघा आवडत नाहीत, पण ते तुझं तू ठरव.

कन्यादानाला सगळे फोटोवाले उभं राहून वरून काढतात म्हणून नुसते हात येतात. खाली मांडी घालून बस, होमकुंडाच्या पलीकडं, वर बघत काढ. हातावरून पाण्याची धार सुटते तेव्हा हात, धार आणि वरती आईवडलांचे चेहरे एका रेषेत येतात. तिथं ३५ च लागतो, आणि तिथं बसायची परवानगी आधी घेतलेली असावी लागते, परत गुरुजीच.

फ्लॅश: कार्यालयाचं छत पांढरं असेल तर वर मारून खुशाल वापर, पण मांडवात लाल पिवळं कापड असेल तर नको, सगळ्यांचे चेहरे त्या रंगाचे होतात आणि ते नंतर नीट निघत नाही. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची कमी उजेडात टिपायची ताकद, ३२००, ६४०० करायला घाबरू नको, प्रिंटमधे दाणे दिसले म्हणून आजवर एकाही घरानं मला काही म्हणलं नाही.

---

निफाडची_लेक:

वरच्या दादांनी बोहल्यावरचं सगळं सांगितलं, मी आतल्या खोलीचं सांगते, कारण मराठी लग्नाचं अर्धं लग्न आत होतं आणि तिथं बरेचसे फोटोवाले दाराशी उभे राहून दोन क्लिक करून जातात.

गौरीहाराला नवरी अन्नपूर्णेवर तांदूळ वाहत एकटी बसलेली असते, बाहेर सनई, माणसांचा गलका, आणि ती पिवळ्या साडीत आत. दिवसभरात तिला मिळालेला तेवढाच निवांतपणा. तिथं बोलायचं नाही, फ्लॅश नाही, खिडकीचा उजेड असेल तर तोच. मी दहा मिनिटं आधी जाऊन कोपऱ्यात जमिनीवर बसते आणि पहिली पाच मिनिटं कॅमेरा डोळ्याला लावतच नाही, म्हणजे सगळ्यांना माझी सवय होते. तुम्ही पुरुष आहात तर आईला किंवा बहिणीला विचारून जा, आणि साडी नेसताना आत थांबू नका, कुणी हो म्हणलं तरी. तिथं बहिणीच्या हातात तुमचा कॅमेरा ऑटोवर लावून दिलात तरी चालतंय, मी अशी एका करवलीकडून आलेली फ्रेम अल्बमच्या पहिल्या पानावर लावलीये.

मामा याच दारात उभा असतो. तो आत येईपर्यंतचाच फोटो जास्त सुंदर मिळतो.

अजून काही जागा सांगते ज्या लोक सोडतात. लाजाहोमात नवरीचा भाऊ लाह्या देतो आणि मग नवऱ्याचा कान पिळतो, दोन सेकंदांचं काम असतं, तेव्हा कार्ड बदलत बसू नका. धूर आला की ऑटोफोकस भटकतो, म्हणून फोकसचा एकच पॉइंट डोळ्यावर ठेवा, आणि उजेड धुराच्या मागून येईल अशा बाजूला बसा, धूर चांदीसारखा दिसतो. सूनमुखाला सासूबाई आरशात सुनेचं तोंड बघतात, तिथं सासूबाईंच्या खांद्यामागून आरशावर फोकस केला की दोघी एका चौकटीत येतात. उखाणा घेताना घेणारीचा फोटो सगळेच काढतात, तुम्ही ऐकणाऱ्यांकडे वळा. आणि झाल. माझा सगळ्यात आवडता विधी. वेळूच्या टोपलीत कणकेचे दिवे लावून ती सासरच्या एकेका माणसाच्या डोक्यावर ठेवतात, आमची लेक सांभाळा म्हणून. तिथं व्हिडिओवाल्याला हात जोडून लाइट बंद करायला सांगा. दिव्यांच्या उजेडात आईचा चेहरा काय दिसतो ते मी लिहून सांगू शकत नाही.

रडण्याच्या फोटोंबद्दल माझा एक नियम आहे, काढते सगळे, पण देताना आधी नवरीला एकटीला दाखवते. एका लग्नात वडील कार्यालयामागं, जिथं आचारी भांडी लावत होते तिथं, एकटेच उभे राहून रडत होते. तो फोटो मी काढला, आणि मुलीनं सांगितलं की बाबांना हे कुणाला दिसलेलं आवडणार नाही, मग तो फक्त तिला दिला आणि माझ्याकडून काढून टाकला.

आणि हो, आपल्याकडं १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १७ आहे, त्यानुसार कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळं काही ठरलेलं नसेल तर पहिला मालक तो माणूस, आपण नाही. त्यामुळे इन्स्टावर टाकायचे असतील तर करारात एक ओळ आधीच लिहून सही घ्या.

---

कराडचा_कॅमेरा:

दादा, ताई, मनापासून धन्यवाद. "तदेव लग्नं" हे मी लहानपणापासून ऐकलंय आणि एकदापण डोक्यात आलं नाही की तोच सिग्नल असतो. पट्ट्यांचं कुणी सांगेल का? आणि व्हिडिओवाल्याचं काय करायचं, त्याचं पण काम आहेच की, त्याला सारखं बाजूला हो म्हणणं बरं वाटत नाही.

---

जुना_न्यूजफोटो:

पट्ट्यांचं सोपं आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झ, म्हणून त्यावरचे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर एका दमात वाचत नाही, ओळीओळीनं वाचतं, मग काही ओळी उजेडात वाचल्या जातात काही अंधारात, त्याचे पट्टे. उपाय म्हणजे मेकॅनिकल शटर लाव आणि कॅमेऱ्यात अँटीफ्लिकर असेल तर चालू कर. सायलेंटच हवं असेल तर १/१०० किंवा १/५० वर राहा, पण मग हालचाल पुसट होणार. स्टेजमागं एलईडी वॉल असेल तर तिची गत वेगळीच असते, तिथं दोनचार स्पीड आधी टेस्ट करूनच बघ. बँड वाजत असताना शटरचा आवाज कुणाला येतो, सायलेंट फक्त गौरीहाराला आणि रात्री गृहप्रवेशाला ठेव.

व्हिडिओवाल्याशी लग्नाच्या दिवशी बोलू नकोस, हळदीच्या दिवशी बोल, चहा घेत. तू नवरीच्या मागून काढणार, तो नवऱ्याच्या मागून, पट पडताना तो उजव्या बाजूला राहणार तू डाव्या, असं बोटानं जागा दाखवून ठरव. आणि त्याला तुझे दहा फोटो दे त्याच्या कव्हरसाठी. तो पण पोटासाठीच उभा आहे.

आता तुझ्या मुख्य प्रश्नाकडं येतो. मी तीस वर्षं मुंबईत पेपरमधे काढली, आता पुतण्याभाच्यांची लग्नं काढतो. लग्नाच्या फोटोंना पत्रकारितेची पद्धत लावायची ही कल्पना अमेरिकेत डेनिस रेजी या फोटोग्राफरनं रुजवली. १९९६ मधे राष्ट्राध्यक्ष केनेडींचा मुलगा जॉन केनेडी धाकटा आणि कॅरोलिन बेसेट यांचं लग्न जॉर्जियातल्या कंबरलँड बेटावर एका लहानशा लाकडी चर्चमधे झालं, पाहुणे मोजकेच, बाहेर पडताना त्यानं तिचा हात उचलून ओठाला लावला आणि रेजीनं तेवढं टिपलं. तो फोटो जगभर गेला. लोक म्हणतात क्षण पकडला. मी म्हणतो तो दारासमोर उभा होता, कारण माणसं दारातून बाहेर येणार हे त्याला ठाऊक होतं.

तू पेपरला होतास, तर तुला कॅप्शन लिहायची सवय असेल. फोटोत कोण, डावीकडून कोण, कधी, कुठं. तीच सवय लग्नात आण. आदल्या दिवशी घरच्या एका माणसाला धर, आजी उत्तम, आणि वहीत लिहून घे की लग्नातली महत्त्वाची १५ माणसं कोण. नुसतं "मामा" नको. कोणता मामा, कुठून येणार, या घरासाठी त्यानं काय केलंय. कुणाशी बोलणं बंद होतं आणि आज येणार आहे. कोण आजारी आहे. मग दुसऱ्या दिवशी गर्दीत ती माणसं तुला आपोआप दिसायला लागतात, मांडून काढायची वेळच येत नाही. मुहूर्तानंतर जेवणं सुरू झाली की वही काढायची, राहिलेल्यांवर खूण करायची आणि पंगतीत त्यांना शोधायचं.

आमच्या सुधारक ओलवेंनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो काढले, २०१६ ला पद्मश्री मिळाली त्यांना. ते फोटो जमलं तर बघ. इतक्या जवळून काढलेत की त्या माणसांत जाऊन राहिल्याशिवाय तसं होणार नाही हे लगेच कळतं. मी ८५ सुद्धा बॅगेतच ठेव म्हणेन, लांबून चोरून काढलेल्या फोटोत माणूस सापडतो पण नातं सापडत नाही.

---

पेठेतला_फोटोवाला:

८५ बॅगेत ठेवायचं मला पटत नाही. अंतरपाटाला नवरीच्या तोंडासमोर ३५ घेऊन गेलास तर समोर बसलेल्या दोनशे माणसांना तुझी पाठ दिसणार. बाकी वहीचं एकदम मान्य, मी पण करतो, फक्त १५ नाही, २५ नावं लिहितो.

---

आईची_साय:

मी फोटोग्राफर नाही, पण लिहावंसं वाटलं. माझं लग्न २०१८ ला झालं, आम्ही दोघांनी हट्टानं फक्त कॅन्डिडवाला बोलावला, ग्रुप फोटो नकोत म्हणलं, बाबा म्हणत होते की एक साधा फोटोवाला पण असू दे, ते ऐकलं नाही.

फोटो अप्रतिम आले, खरंच. माझ्या मैत्रिणी जिन्यात गजरे वाटून घेतायत तो फोटो अजून हॉलमधे लावलाय. पण आजीचा सरळ समोर बघत असलेला, आमच्या सगळ्यांसोबतचा एकही फोटो नाही. आजी २०२० ला गेली. कॅन्डिडमधे ती आहे, ताटात जिलबी चिवडताना, कुणाच्या तरी मुलाला मांडीवर घेऊन, आणि तो जिलबीचा फोटो बघून मला तिचा आवाज ऐकू येतो, तसा फोटो उभं करून काढलेला कधीच देऊ शकला नसता. पण बाबांना भिंतीवर लावायला जो हवा होता तो तसा नव्हता. शेवटी आधार कार्डाच्या फोटोवरून मोठा करून घेतला. ते बघितलं की दरवेळी वाटतं, वीस मिनिटं द्यायला हवी होती.

म्हणून तुम्हाला सांगते, घरच्यांनी नको म्हणलं तरी तुम्हीच मागून घ्या. मुहूर्त झाल्यावर, जेवायला बसायच्या आधी, दोन्हीकडची मंडळी, आजीआजोबा मधे बसलेले. तुमचं तत्त्व मोडत नाही त्यानं.

---

निफाडची_लेक:

ताई, मी इतकी वर्षं ग्रुप फोटो दुसऱ्यांवर सोडत आले. तुमचं वाचून पुढच्या लग्नापासून आजीआजोबांचा एक मी स्वतः काढणार. एफ ५.६, दोन रांगा, पाच मिनिटं. होऊन जातंय.

---

कराडचा_कॅमेरा:

उशिरा लिहितोय, लग्न परवाच झालं.

हळदीच्या दिवशी नवरीच्या आजीपाशी बसलो, तासभर बोलल्या, वहीत १९ नावं झाली. नवरीचे मामा दोन निघाले. थोरल्या मामांचा मुलगा दोन वर्षांपूर्वी अपघातात गेला, तेव्हापासून ते कुठल्याच लग्नाला गेले नव्हते, या भाचीसाठी पहिल्यांदा येणार होते. हे मला आजींनी सांगितलं नसतं तर कळायचं काही कारणच नव्हतं.

गौरीहाराच्या दारात मी आधीच जाऊन बसलो होतो. मामा आले, फेटा दोनदा नीट केला, आत डोकावले, परत मागं आले, भिंतीला हात लावून उभे राहिले, मग आत गेले. सहा फोटो आहेत. बोहल्याकडं जाताना पोरीच्या मनगटावर त्यांचा अंगठा इतका घट्ट रुतलाय की चुड्यातल्या दोन बांगड्या वर सरकल्यात. तो ३५ वर आहे, हातभर अंतरावरून, आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं पण नाही.

अंतरपाट जमला, "तदेव" ऐकलं आणि पोचलो, व्हिडिओवाल्या दादांनी जागा सोडली होती. कन्यादान खाली बसून काढलं, चेहरे आलेत. कान पिळायचं सुटलं, वर ताईंनी सांगून पण सुटलं, मी दुसऱ्या बॉडीवरून ८५ काढत होतो तेवढ्यात झालं. झालीला लाइट बंद करायला नवऱ्याकडच्यांनी नकार दिला, अंधारात व्हिडिओ येणार नाही म्हणले, त्यामुळे ते फोटो साधेच आहेत. आजीआजोबांचा ग्रुप काढला, आजी मधे, खुर्चीत, सगळे उभे.

आता एक अडचण. गौरीहाराच्या खोलीत एका बाजूनं खिडकी आणि वर ट्यूबलाइट, मामांचा निम्मा चेहरा निळा येतोय निम्मा हिरवट. सगळ्या फोटोला एकच व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाची दुरुस्ती, लावला तर एक बाजू बिघडतेच. ब्लॅक अँड व्हाइट करू का?

---

पेठेतला_फोटोवाला:

ब्लॅक अँड व्हाइट करू नको, पिवळी साडी आणि फेट्याचा रंग जाईल. व्हाइट बॅलन्स खिडकीच्या बाजूच्या गालावर सेट कर, मग ट्यूबच्या बाजूला मास्क घालून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, टिंट जांभळ्याकडे आणि हिरव्याचं सॅच्युरेशन खाली. थोडं राहिलं तर राहू दे. आणि ती अंगठ्याची फ्रेम १२ बाय १८ ला प्रिंट करून मामांना वेगळी दे, अल्बमच्या हिशोबात धरू नको.